राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यातील फेलोशिप (अमेरिका)

अमेरिकेत उच्चशिक्षणाला लागणारे प्राध्यापक कमी पडू नयेत म्हणून पीएच.डी. करणाऱ्यांना केंद्र सरकारने निर्वाहवेतन देण्याची, १९५८ च्या कायद्याने सुरू झालेली योजना. सरकारी फेलोशिप त्याआधीही होत्या. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान १९५२ पासून विज्ञानातील निवडक पदवीधरांना पैसे देत होते. पण ती फेलोशिप विद्यार्थ्याच्या नावावर असे, आणि ती हाती पडलेला हुशार मुलगा बहुधा आधीच नावाजलेल्या विद्यापीठाची वाट धरी. नव्या कायद्याने फेलोशिप विभागाला जोडली, तीही नव्याने सुरू झालेल्या किंवा वाढवलेल्या अभ्यासक्रमांना. देशाच्या सर्व भागांत पीएच.डी.ची सोय व्हावी, असा त्यामागचा हेतू होता. योजनेचे खरे वेगळेपण यातच आहे.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक अवकाशात सोडला आणि अमेरिकी शाळा-कॉलेजांतील विज्ञानशिक्षणावर एकच टीका सुरू झाली. शिक्षण हा तिथे राज्यांचा विषय. केंद्राने त्यात पैसा घालायला अनेक वर्षे विरोध होत आला होता. दक्षिणेकडील गोऱ्या राजकारण्यांना भीती अशी की केंद्राच्या पैशामागून शाळांतील वर्णभेद मोडण्याच्या अटीही येतील. तरीही या कायद्याचे विधेयक पुढे रेटले ते सेनेटर लिस्टर हिल आणि प्रतिनिधी कार्ल एलियट या दक्षिणेतल्याच अलाबामा राज्याच्या दोघांनी. देशाच्या संरक्षणाचे कारण पुढे केल्यावर विरोधाची धार बोथट झाली. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी २ सप्टेंबर १९५८ रोजी त्यावर सही केली. कायद्याची मुदत चार वर्षांची होती. ती पुढे वाढत गेली.

फेलोशिप कायद्याच्या चौथ्या प्रकरणात होत्या. पहिल्या वर्षी १,००० आणि नंतरच्या तीन वर्षांत दरवर्षी १,५०० जणांना त्या द्यायच्या होत्या. फेलोला त्याच्या पहिल्या वर्षी २,०००, दुसऱ्या वर्षी २,२०० आणि तिसऱ्या वर्षी २,४०० डॉलर, शिवाय अवलंबून असलेल्या प्रत्येक व्यक्तीमागे ४०० डॉलर मिळत. विद्यापीठालाही प्रत्येक फेलोमागे वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत रक्कम दिली जाई. कॉलेजात शिकवू इच्छिणाऱ्यांना प्राधान्य होते. स्पुटनिकचा गाजावाजा पाहता या फेलोशिप फक्त पदार्थविज्ञान-गणितासाठी असतील असे वाटते, पण कायद्याने विषयांची यादीच घातली नव्हती. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतल्या विद्यार्थ्यांनाही त्यांचा लाभ झाला.

परभाषांची सोय सहाव्या प्रकरणात होती. भाषा व प्रदेश अभ्यासकेंद्रांचा निम्मा खर्च सरकार उचली आणि तिथे शिकणाऱ्यांना वेगळी भाषा-फेलोशिप मिळे. सुरुवातीला प्राधान्य अरबी, चिनी, जपानी, पोर्तुगीज, रशियन आणि हिंदी-उर्दू या भाषांना. मराठी या यादीत नव्हती. तरी अमेरिकेत दक्षिण आशियाचा अभ्यास वाढला तशी मराठीच्या अध्यापन-साहित्यालाही जागा झाली. मॅक्सीन बर्नसन आणि लेखिका जाई निंबकर यांचे मराठीचे संदर्भ-व्याकरण १९७५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून निघाले, ते याच वाढीचे फळ. बर्नसन यांनी फलटणच्या मराठीवर पीएच.डी. केली आणि पुढे तिथेच शाळा उभारली. सहाव्या प्रकरणातल्या योजना १९८० मध्ये उच्चशिक्षण कायद्यात आल्या.

या कायद्याने वादही ओढवून घेतला. पैसे घेणाऱ्याला देशनिष्ठेची शपथ आणि सरकार उलथवू पाहणाऱ्या संघटनांशी आपला संबंध नसल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. शेतकऱ्याला किंवा कारखानदाराला सरकारी मदत देताना असले काही विचारत नसत, विद्यार्थ्यालाच का, हा विद्यापीठांचा सवाल बिनतोड होता. हार्वर्ड आणि येल १९५९ मध्ये याच कायद्याच्या विद्यार्थी-कर्जयोजनेतून बाहेर पडली. १९६२ मध्ये प्रतिज्ञापत्र गेले, शपथ राहिली.

१९६४ च्या दुरुस्तीने फेलोशिपची संख्या कित्येक पटींनी वाढवली. तोवर चित्र पालटू लागले होते. पीएच.डी.धारकांचा पुरवठा लवकरच मागणीच्या पुढे जाईल, असे अर्थतज्ज्ञ ॲलन कार्टर १९६५ पासून आकडेवारीनिशी सांगत होते, आणि त्यांचे फारसे कोणी ऐकत नव्हते. १९७० च्या सुमारास नोकऱ्या खरोखरच आटल्या आणि काही वर्षांत चौथ्या प्रकरणातील फेलोशिप बंद पडल्या. दोष निव्वळ हिशेबाचा नव्हता. पीएच.डी.ला पाच-सात वर्षे लागतात; टंचाई आज मोजून आज पैसे दिले तरी माणूस तयार होईपर्यंत ती टंचाई उरलेली असेलच असे नाही.

पैसा विभागामार्फत देण्याची कल्पना मात्र १९८० च्या दशकात पुन्हा वर आली. ‘राष्ट्रीय गरजेच्या क्षेत्रांतील पदव्युत्तर साहाय्य’ या कार्यक्रमात गरजेचे विषय शिक्षणमंत्री इतर संस्थांच्या सल्ल्याने ठरवतात. जीवशास्त्र, रसायन, संगणक, अभियांत्रिकी, गणित, पदार्थविज्ञान, परिचर्या असे विषय त्यांत आलेले आहेत. गुणवत्तेबरोबर आर्थिक गरज पाहिली जाते, विद्यापीठाला सरकारी रकमेच्या किमान २५ टक्के भर स्वतःची घालावी लागते आणि फेलोला किमान एक वर्ष देखरेखीखाली शिकवण्याचा अनुभव द्यावा लागतो. लाभ नागरिकांना आणि कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांनाच मिळतो. त्यामुळे पुण्या-मुंबईहून विद्यार्थी-व्हिसावर अभियांत्रिकीच्या पीएच.डी.साठी गेलेल्याला, शेजारच्या टेबलावरचा सहकारी याच पैशावर शिकत असला तरी, बहुधा संशोधन किंवा अध्यापन साहाय्यकाच्या वेतनावर भागवावे लागते.