झाडावरचे मचाण आणि झाडाखालची माणसे

'सफर' हा शब्द आपल्या मराठीत इतका मुरला आहे की, तो मूळचा अरबी आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. हाच शब्द अरब दर्यावर्दी व्यापाऱ्यांबरोबर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला आणि तेथील स्वाहिली भाषेत 'सफारी' झाला. अर्थ साधा होता, प्रवास. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी गोऱ्या शिकाऱ्यांनी त्या शब्दाला बंदुकीच्या दारूचा वास चिकटविला. १९०९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आपल्या मुलासह सफारीवर गेले, तेव्हा त्या पितापुत्रांनी मिळून पाचशेहून अधिक जनावरे मारली. अशा काळात, जनावर मारण्याऐवजी त्याच्याकडे रात्रभर नुसते पाहत बसावे, ही कल्पना कोणास सुचावी याचे आश्चर्य वाटते. पण ती सुचली, आणि तिचा इतिहास केनियातील एका झाडाशी जोडला गेला.

केनियाच्या मध्यभागी न्येरी नावाचे गाव आहे. त्याच्या एका बाजूस केनिया पर्वत, दुसऱ्या बाजूस अॅबरडेअरची डोंगररांग. त्या रांगेच्या पायथ्याच्या अरण्यात, १९३२ साली, एरिक शेरब्रुक वॉकर या हॉटेलमालकाने वड-उंबराच्या जातकुळीतील एका प्रचंड वृक्षावर दोन खोल्यांचे घर बांधविले. त्यास नाव दिले 'ट्रीटॉप्स'. खाली एक पाणवठा होता. त्याच्या काठी मीठ टाकून ठेवीत. त्या मिठासाठी हत्ती, गेंडे, रानम्हशी रात्री अरण्यातून बाहेर येत. पाहुण्यांना वाहनातून उतरल्यावर शेवटचा पल्ला बंदूकधारी वाटाड्याबरोबर पायी तुडवावा लागे. वाटेत एखादे जनावर आडवे आलेच, तर चटकन वर चढता यावे म्हणून झाडांना शिड्या लावलेल्या असत. एकदा वर पोहोचल्यावर मात्र नियम एकच : पावलांचा आवाज नको, बोलणे कुजबुजीतच. घर माणसांचे, पण रात्र जनावरांची.

आपल्याकडच्या वाचकांना येथे मचाणाची आठवण होणे साहजिक आहे. आणि या मचाणाशी आपल्या देशाचा एक खराखुरा धागा जोडलेलाही आहे. कुमाऊँच्या नरभक्षक वाघांचा शिकारी जिम कॉर्बेट १९४७ साली भारत सोडून केनियात गेला व न्येरीतच राहिला. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्यासाठी वॉकरच्या हॉटेलाच्या आवारात जी छोटी बंगली बांधली होती, त्याच बंगलीत त्याने अखेरची वर्षे काढली. १९५२ च्या ५ फेब्रुवारीस इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ आपल्या पतीसह ट्रीटॉप्सवर मुक्कामास आली, तेव्हा शिडीच्या तोंडाशी रात्रभर बंदूक घेऊन पहारा करणारा शहात्तर वर्षांचा म्हातारा हाच. त्या रात्री तिकडे इंग्लंडात सहाव्या जॉर्ज राजाचा झोपेत अंत झाला. राजकन्येला ही वार्ता झाडावर कळली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जवळच्याच सगाना येथील विश्रामगृहात ती तिला कळली. तरी वर चढताना राजकन्या व खाली उतरताना राणी, ही गोष्ट जगभर पसरली आणि एक रानटी खोपटे जगप्रसिद्ध झाले.

इतिहास येथेच थांबता, तर ती एक गोड दंतकथा झाली असती. पण आपण झाडावरून खाली उतरून पाहिले पाहिजे. ज्या मुलखात हे मचाण उभे होते, तो किकुयू लोकांचा मुलूख. त्यांच्या भाषेत अॅबरडेअरचे नाव न्यांदारुआ. लंडनच्या भौगोलिक संस्थेच्या अध्यक्षाचे नाव त्या डोंगरांना १८८४ साली एका स्कॉटिश प्रवाशाने दिले. याच जातकुळीतील मुगुमो वृक्षाखाली किकुयू वडीलधारी माणसे केनिया पर्वताकडे तोंड करून प्रार्थना करीत व बळी देत. त्यांच्या सुपीक जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांकडे गेल्या होत्या. ज्या १९३२ साली झाडावर दोन खोल्या चढल्या, त्याच वर्षी या जमिनींच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी सरकारने कार्टर आयोग नेमला. परंतु त्याच्या निवाड्याने किकुयूंचे समाधान झाले नाही. वीस वर्षांनी, ऑक्टोबर १९५२ मध्ये, माऊ माऊ बंडामुळे आणीबाणी पुकारली गेली. राजकन्या जेथे हत्ती पाहत बसली होती, ते अरण्य आठ महिन्यांत बंडखोरांचा किल्ला बनले.

सरकारने अरण्यात प्रवेशास बंदी केली. दहा लाखांहून अधिक माणसे त्यांच्या विखुरलेल्या वाड्यांतून उठवून पहाऱ्यातील गावांत कोंबली. वस्ती व अरण्य यांच्यामध्ये बायामुलांसह गावकऱ्यांकडून सक्तीने खंदक खणविले, हेतू हा की बंडखोरांना अन्न पोहोचू नये. ट्रीटॉप्सचा उपयोग सैन्य टेहळणीसाठी करू लागले, आणि २७ मे १९५४ रोजी बंडखोरांनी ते जाळले. पुढे १९५६ च्या ऑक्टोबरात बंडाचा पुढारी देदान किमाथी न्येरीजवळच सापडला आणि १९५७ च्या फेब्रुवारीत फासावर गेला. त्याच वर्षी पाणवठ्याच्या दुसऱ्या बाजूस नवे, पूर्वीपेक्षा मोठे ट्रीटॉप्स उभे राहिले. एकाच वर्षी घडलेल्या या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात, असे आम्हांस वाटते.

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. पाहुणे वाढले, पण मचाणापुढचे दृश्य पालटत गेले. मिठाच्या ओढीने हत्तींचे कळप सतत एकाच जागी जमत राहिले, त्यांनी साली सोलल्या, झाडे मोडली, आणि पाणवठ्याभोवतीचे दाट रान उघडेबोडके झाले. पाहण्याच्या हौसेनेही अरण्य झिजते, हा धडा तेथे मिळाला. बंदुकीचे संकट त्याहून मोठे. १९७७ साली केनियाने शिकारीवर बंदी घातली. तरी चोरट्या शिकाऱ्यांनी शिंगांपायी काळ्या गेंड्यांचा असा संहार केला की, १९७० च्या सुमारास वीस हजारांच्या घरात असलेली त्यांची संख्या पुढल्या दोन दशकांत चारशेच्या खाली आली.

मग अरण्य वाचविले कोणी? याचे एक उत्तर न्येरीच्याच मुलखात सापडते. १९४० साली तेथे जन्मलेल्या वांगारी मथाई यांना आईने लहानपणी बजावले होते की, ओढ्याकाठच्या मुगुमोची काटकी सरपणाला आणू नकोस, ते देवाचे झाड आहे. पुढे ते झाड चहाच्या लागवडीसाठी तोडले गेले आणि ओढाही आटला. देवाचे झाड म्हणजेच पाण्याचे झाड, हे त्यांनी ओळखले. १९७७ साली त्यांनी खेड्यांतील स्त्रियांच्या हातून झाडे लावण्याची चळवळ सुरू केली. २००४ साली त्यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. दुसरे उत्तर तारेचे आहे. १९८९ पासून २००९ पर्यंत अॅबरडेअरभोवती सुमारे ४०० किलोमीटर लांबीचे विजेचे कुंपण उभारले गेले. त्यामुळे हत्ती शेतांत शिरेनासे झाले आणि चोरट्यांनाही आळा बसला. एके काळी खंदक खणला होता तो माणसांना उपाशी ठेवण्यासाठी. हे कुंपण उभे राहिले ते त्यांच्या तोंडचा घास वाचविण्यासाठी. म्हणून शेजारच्या शेतकऱ्यांनी ते आपले मानले.

बंदूक खाली ठेवून डोळे उघडणे, ही माणसाने टाकलेली मोठी पायरी होती, आणि त्या पायरीचे श्रेय ट्रीटॉप्सला दिलेच पाहिजे. परंतु मचाणावरून जनावरे दिसतात, झाडाखालची माणसे दिसत नाहीत; आणि अरण्य टिकते ते अखेर त्या माणसांच्या मनावर. आपल्या सह्याद्रीतही देवराया शतकानुशतके टिकल्या, त्या कोणी मचाण बांधले म्हणून नव्हे, तर गावाने त्या आपल्या मानल्या म्हणून. न्येरीचा इतिहास वाचताना आपणांस जे शिकावयाचे, ते एवढेच आहे.