खिडकीची जागा कोणी ठरवावी?

संगणकाच्या पडद्यावर एखादा प्रोग्रॅम उघडला, की त्याची खिडकी कोठे बसावी आणि केवढी असावी, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक भासतो. पण त्यामागे अधिकाराचा तंटा आहे.

१९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ‘एक्स’ ही खिडक्यांची व्यवस्था जन्मास आली. तिच्या कर्त्यांनी खिडक्यांची शिस्त स्वतःकडे न ठेवता ‘विंडो मॅनेजर’ नावाच्या स्वतंत्र कारभाऱ्यावर सोपविली. प्रोग्रॅमने ‘८०×२४+०+०’ असा अर्ज करावयाचा: ऐंशी अक्षरांची रुंदी, चोवीस ओळींची उंची, वरचा डावा कोपरा. अधिकाच्या जागी उणे लिहिले, की मोजणी उजव्या व खालच्या कडेपासून. मंजुरी मात्र कारभाऱ्याची!

मायक्रोसॉफ्टच्या १९८५ च्या पहिल्या ‘विंडोज’मध्ये तर मुख्य खिडक्या फरशांप्रमाणे शेजारी शेजारीच बसत, एकीने दुसरीवर चढण्याची मुभा १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीने दिली. तेथे उंची वरून खाली मोजतात, ॲपलच्या ‘कोको’ पद्धतीत खालून वर. त्यामुळे तेच आकडे जसेच्या तसे उचलणाऱ्याची खिडकी भलत्याच टोकाला जाते.

२००८ साली सुरू झालेल्या ‘वेलँड’ने अर्जाचा हक्कच काढून घेतला. त्याच्या मूळ नियमांनुसार मुख्य खिडकीला पडद्यावरील आपली जागा मागता येत नाही, इतकेच काय, ती कळतही नाही. हे मला जरा कठोर वाटते. काल कोपऱ्यात ठेवलेली खिडकी आज तेथेच सापडावी, ही अपेक्षा गैर कशी? ती आठवण ठेवण्याचे ओझे आता कारभाऱ्याच्याच शिरावर आले आहे.