रामशेजच्या लाकडी तोफा आणि कानशीची किंमत

रामशेजच्या लाकडी तोफांची कथा आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. दिंडोरी तालुक्यातील या छोट्या किल्ल्याला १६८२ साली शहाबुद्दीन खानाने वेढा घातला. गडावर लोखंडी तोफ नव्हती. तेव्हा झाडांची खोडे पोखरून आणि त्यांवर कातडे चढवून तोफा केल्या गेल्या, असे खाफीखान लिहितो. मोगलांनीही गडासमोर उंच लाकडी धमधमा उभारला. म्हणजे ही लढाई काही अंशी दोन्हीकडच्या सुतारांची होती. तोफा लक्षात राहिल्या, धमधमाही राहिला. पण सुतारांच्या हत्यारांना धार कशाने लावली जात होती, हे कोणी लिहून ठेवले नाही. आजचा धागा त्या उपेक्षित वस्तूवर, म्हणजे कानशीवर.

वाकस आणि पटाशी दगडावर घासून चालते. करवतीचे तसे नाही. तिचा प्रत्येक दात स्वतंत्रपणे घासावा लागतो आणि दोन दातांमधील खाचेत केवळ त्रिकोणी कानसच शिरते. (आपल्याकडील जुन्या करवतींचे दात मुठीकडे वळलेले असत, त्या ढकलताना नव्हे, तर ओढताना कापत. घासण्याचे तत्त्व मात्र तेच.) शिवाय कानस करवतीच्या पोलादाहून कठीण असावी लागते, आणि खरी अडचण इथेच आहे.

यंत्रे येण्यापूर्वी कानशीवरची प्रत्येक रेघ छिन्नी आणि हातोडीने, मऊ केलेल्या पोलादावर एकेक करून पाडली जाई. मग ती तापवून पाण्यात विझवायची. तापवताना नाजूक दात जळू नयेत म्हणून काय करावे, याची कृती १२व्या शतकातील थिओफिलस या युरोपीय साधूने नोंदवली आहे: जाळलेले बैलाचे शिंग आणि मीठ यांची पूड लालबुंद कानशीवर शिंपडावी. इंग्लंडमधील शेफील्ड हे या धंद्याचे मोठे केंद्र. तेथील कारागीर कानस शिशाच्या ठोकळ्यावर ठेवून घाव घालत आणि त्या शिशाची विषबाधा हा त्यांचा नेहमीचा आजार होता. इतके श्रम ज्या वस्तूत गेले, ती स्वस्त कशी असणार?

कानशीचे दात पाडणाऱ्या यंत्राचे रेखाटन लिओनार्दो दा विंचीने करून ठेवले होते. पण बाजारात चालेल असे यंत्र हे १९व्या शतकाचे काम. अमेरिकेतील विल्यम निकोल्सनने १८६४ मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट घेतले आणि त्यानंतर कानस ही कारखान्यातली वस्तू झाली.

आपल्या गावगाड्यात याचा अर्थ काय होता? सुतार हा बलुतेदार. नांगर-पाभरीच्या कामाचा मोबदला त्याला मुख्यतः खळ्यावरच्या धान्यात मिळे. परदेशी कानस मात्र रोख पैशांची. माझ्या मते बलुतेदारीवर नव्या बाजाराचा जो ताण पडला, तो समजायला या एका हत्याराइतके नेमके उदाहरण क्वचितच सापडेल. झिजलेल्या कानशीचे पोलादही वाया जात नसे. लोहार त्यातून सुरी किंवा पटाशी घडवी.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५०च्या सुमारास रेमंडने जे. के. फाइल्स या नावाने देशी कानशी बनवण्यास आरंभ केला. पुढे रत्नागिरी आणि चिपळूण येथेही या कानशींचे कारखाने उभे राहिले. ज्या वस्तूसाठी शेफील्डकडे पाहावे लागे, ती आता कोकणात बनू लागली.

आज दिंडोरीच्या एखाद्या सुताराला कानस परवडते. धोका आहे तो करवतीकडूनच. नव्या करवतींच्या दातांची टोके विजेच्या उष्णतेने इतकी कठीण केलेली असतात की कानस त्यांवरून नुसती घसरते. बोथट झाली की ती करवत टाकून द्यायची. दातांची टोके निळसर काळी दिसली, तर ती याच जातीची समजावी. आजोबांची जुनी करवत घरात असेल, तर मात्र कानस घेताना एक माप पाहा: कानशीची एक बाजू दाताच्या खोलीच्या दुपटीहून किंचित रुंद हवी. तसे असले म्हणजे कानस फिरवून घेता येते, तिन्ही बाजू पुरेपूर वापरल्या जातात आणि एका कानशीत अनेक वेळा धार लागते.