शहर पोसणारा प्रवाह

बॉस्फरसची सामुद्रधुनी जेमतेम 31 किलोमीटर लांब आहे. जिथे 1452 मध्ये दुसऱ्या मेहमेदनं रुमेली हिसार हा किल्ला बांधला, त्या सर्वांत अरुंद जागी तिची रुंदी 700 मीटरच्या आसपास भरते. तिचा इतिहास सांगताना मान मिळतो तो किल्ल्यांना, तटबंदीला आणि जहाजांवरच्या जकातीला. पण इस्तंबूलचं जुनं रूप असलेलं बायझँटियम प्रथम उभं राहिलं ते पाण्याच्या प्रवाहावर आणि त्या प्रवाहानं दाराशी आणून सोडलेल्या माशांवर. जकातीचा पैसा नंतरचा.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं मेगाबाझस या पर्शियन सरदाराचा शेरा नोंदवला आहे. समोरच्या आशियाई काठावर खाल्केडॉन हे ग्रीक गाव बायझँटियमच्या 17 वर्षं आधी वसलं, हे कळल्यावर तो म्हणाला, की ते लोक आंधळेच असले पाहिजेत. एवढं काय त्यांना दिसलं नाही? भूगोलकार स्ट्रॅबोच्या लिखाणात याचं उत्तर मिळतं. पेलामिस, म्हणजे आजचा पालामुत, हा आपल्या सुरमई-बांगड्याच्या कुळातला मासा. त्याचे थवे काळ्या समुद्रातून खाली येत आणि बायझँटियमच्या खाडीत, आजच्या गोल्डन हॉर्नमध्ये, इतके दाटीनं शिरत, की ते हातानं धरता येत. खाल्केडॉनच्या वाट्याला त्यातलं काही येत नसे. त्याचं कारण स्ट्रॅबो असं देतो, की त्या काठावरच्या एका पांढऱ्या खडकाला बुजून मासे पलीकडे वळतात. निरीक्षण खरं असावं, कारण मात्र पटत नाही. खरं कारण इतिहासकार पॉलिबियसनं त्याच्या आधीच हेरलं होतं. काळ्या समुद्रातून येणारं पाणी एका काठावर आपटतं, तिथून दुसऱ्यावर फेकलं जातं, आणि शेवटी आशियाई बाजूवरून थेट बायझँटियमवर येतं. तिथे त्याचा थोडा भाग खाडीत शिरतो, बाकीचा बाहेर पडतो. खाल्केडॉन गाठण्याइतका जोर त्यात उरत नाही. शरद ऋतूत दक्षिणेला निघालेला मासा याच पाण्यासोबत येतो.

यावर कुणी म्हणेल, की आंधळेपणाची गोष्ट पुढे वरचढ ठरलेल्या शहरानं मागाहून रंगवली असेल. ते मला मान्य आहे. खाल्केडॉनची जमीन चांगली होती, तर बायझँटियमच्या पाठीशी थ्रेसियन टोळ्यांचा सततचा जाच होता. शेतकऱ्याच्या नजरेनं पहिल्या वसाहतकऱ्यांची निवड चुकीची नव्हतीच. पण त्यामुळे माझा मुद्दा पक्काच होतो. शेतातलं पीक लुटलं जात असताना जे शहर टिकलं, ते समुद्राच्या आधारावर. दुसरा आक्षेप जकातीचा आहे. बायझँटियमनं इ.स.पू. 220 मध्ये काळ्या समुद्राच्या जहाजांवर जकात बसवली आणि ऱ्होड्सशी युद्ध ओढवून घेतलं, हे खरं. पण गॅलेशियन टोळ्यांची खंडणी डोईजड झाली म्हणून केलेला तो उपाय होता. त्याच्याही आधी, पैशाची नड पडली तेव्हा शहरानं इतर गोष्टींबरोबर काय विकलं, ते ॲरिस्टॉटलच्या नावावर चालणाऱ्या अर्थव्यवहारावरच्या ग्रंथात नमूद आहे: समुद्रातल्या मासेमारीचे आणि मीठविक्रीचे हक्क. मासा आणि मीठ, म्हणजे खारवण्याचा सगळा धंदाच. शहराच्या चांदीच्या नाण्यांवर गाय उभी आहे ती डॉल्फिनच्या पाठीवर.

हे पाणी सर्वांत नीट ओळखलं ते कोळ्यांनी. लुइजी फर्डिनांडो मार्सिली हा तरुण इटालियन 1679 मध्ये इथे आला. वरचा प्रवाह दक्षिणेला वाहतो, पण खोल पाणी उलट उत्तरेला जातं, असं तुर्की कोळी त्याला सांगत. मार्सिलीनं पांढरे रंगवलेले बूच दोरीला ठरावीक अंतरावर बांधले, खाली वजन लावलं आणि दोरी पाण्यात सोडली. वरचे बूच दक्षिणेच्या मार्मरा समुद्राकडे ओढले गेले, खालचे काळ्या समुद्राकडे. मग दोन्ही पाण्यांची घनता तोलून त्यानं कारणही शोधलं: भूमध्यसागराकडून येणारं खारं, जड पाणी तळाशी राहतं आणि नद्यांनी गोडसर केलेलं काळ्या समुद्राचं हलकं पाणी वरून वाहतं. आजच्या मापानं वरच्या थरात हजारी सुमारे 18 भाग क्षार, तर खालच्यात सुमारे 38. समुद्रविज्ञानाचा हा एक पायाभूत प्रयोग 1681 मध्ये छापला गेला, आणि त्याचं बीज कोळ्यांच्या अनुभवात होतं. माझ्या मते या श्रेयाचा उच्चार फार कमी होतो.

मग प्रवाहच सगळं ठरवतो का? नाही. तो आजही तसाच वाहतो, पण अंडी घालायला काळ्या समुद्रात जाणारा मोठा ब्लूफिन टूना 1980 च्या दशकानंतर तिथे दिसेनासा झाला. अतोनात मासेमारी, प्रदूषण आणि बदललेला समुद्र यांचं ते फळ आहे. लहान पालामुत अजून येतो, कधी भरभरून, कधी अगदीच थोडा.