हातोड्याच्या घावाचं नाणं

मुंबईत दादरला ‘पोर्तुगीज चर्च’ आहे. हे नाव आपल्यापैकी कित्येकींच्या कानावरून गेलं असेल. पण मुंबईत पोर्तुगीज आले कुठून?

1534 साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि मुंबईची बेटं त्यांना दिली. 1661 च्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली. वसई मात्र 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकेपर्यंत त्यांच्याकडेच होती. राज्य आलं की नाणंही येतं. गोव्यात तर 1510 मध्येच अल्बुकर्कनं टांकसाळ काढली होती. म्हणून या पट्ट्यात नांगरताना, पाया खणताना असं नाणं हाती लागू शकतं.

ते ओळखायचं कसं? आधी काठ बघा. खाली एक ठसा, मध्ये धातूची चकती, वर दुसरा ठसा आणि हातोड्याचा घाव, असं ते घडे. म्हणून काठ वाकडा, चित्र सरकलेलं आणि एकासारखं दुसरं नाही. आपली शिवराईही अशीच घडायची. पण तिच्यावर देवनागरी अक्षरं असतात.

मग चिन्ह बघा. पोर्तुगीज नाण्यावर क्रूस असतो, किंवा ढाल आणि तिच्यात पाच छोट्या ढाली. राजा मानुएलच्या नाण्यांवर कड्याकड्यांचा गोल दिसतो. ढालीच्या दोन्ही बाजूंना रोमन लिपीतली ‘जी’ आणि ‘ए’ अक्षरं असली, तर ते गोव्याचं.

शेवटी धातू बघा. सोनं-चांदी मोठ्या व्यवहाराला. भाजीपाल्याला बुजरूक हे हलकं नाणं. ते तांब्याचं, कथलाचंही असे. काही बुजरूक तर साच्यात ओतलेले असत.

आता महत्त्वाचं. नाणं सापडलं की चिंच-राखेनं घासू नका आणि सोनाराकडे वितळवू नका. घासलं की अक्षरं जातात, आणि अक्षरं गेली की ते कोणत्या राजाचं, कोणत्या गावचं, हे सांगणार कोण? कुठे आणि किती खोल सापडलं, तेही लिहून ठेवा. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त मोलाचं धन सापडलं, तर 1878 च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कळवलं म्हणजे सगळं गेलंच असं नाही. शोधणाऱ्याचा हक्क त्याच कायद्यात आहे. लपवलं तर मात्र तो हक्क जातो आणि शिक्षाही होऊ शकते.

बचत गटाची सहल मुंबईला नेलीत, तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय जरूर बघा. राजांची नावं इतिहासात येतातच. पण त्या काळच्या बाईनं मूठभर मीठ कशानं घेतलं, ते हा बुजरूकच सांगतो.