बंगल्यावरची म्हातारी जोडी

१९२६ साली मिशनरी रॉबर्ट ॲलन ह्यूम अहमदनगर सोडून अमेरिकेला निघाले, तेव्हा ते ऐंशीला आले होते. साहेब मायदेशी परतले, असं नगरकर म्हणाले असतील. पण ह्यूम जन्मले १८४७ साली, मुंबईत. त्यांचे वडीलही अमेरिकन मराठी मिशनचे. प्रकृती ढासळल्यावर परत जाताना १८५४ साली बोटीवरच वारले. मुलगा येल विद्यापीठात शिकला आणि १८७४ साली नगरला येऊन राहिला तो राहिलाच. त्यांची दुसरी पत्नी केटी ही याच मिशनमधल्या फेअरबँक घराण्यातली लेक. या दोघांनी उतारवयात कुठली भूमी परकी मानायची? १९२९ साली ह्यूम गेले ते अमेरिकेत.

माझ्या आजीच्या गोष्टींतली मिशनरी जोडी ह्यूमांनंतरची. आजी नेवासे तालुक्यातली, वडाळा बहिरोबाच्या बाजूची, आणि लहानपणी नगरला मुलींच्या बोर्डिंगात शिकलेली. मिशनच्या बंगल्यावर राहणाऱ्या त्या नवराबायकोला ती आयुष्यभर ‘साहेब’ आणि ‘मडमबाई’ म्हणत राहिली. त्यांची नावं मी लिहीत नाही, कारण त्यांची नातवंडं कुठंतरी असतील आणि मी त्यांना विचारलेलं नाही.

दिवस उजाडायच्या आत साहेबांची प्रार्थना व्हायची. स्वयंपाकी, माळी, आया, सगळे व्हरांड्यात चटईवर. मग चहा. तोवर पायऱ्यांवर माणसं जमलेली असायची: डोळे आलेली पोरं, हिवतापाने कुडकुडणारे बाप्ये, अंगावरच्या दुधासाठी काही औषध मागायला आलेली बाळंतीण. मडमबाई डॉक्टर नव्हत्या. त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात क्विनाइन, टिंक्चर, बोरिक पावडर आणि फाडून ठेवलेल्या जुन्या चादरींच्या पट्ट्या. आजी सांगायची, “क्विनाइन गिळल्याबिगर बाई उठू द्यायच्या न्हाईत. तोंड उघडून बघायच्या.”

साहेबांचा दिवस हिशेबात जायचा. मास्तरांचे पगार, बोर्डिंगची ज्वारी, गळकी कौलं, खेड्यातल्या शाळेचा पट. थंडीत दौरा: तंबू, कंदील, घडीची बाजाची पेटी बैलगाडीत घालून गावोगाव. रात्री चावडीसमोर पडद्यावर मॅजिक लँटर्नची चित्रं, आणि ख्रिस्ती कीर्तन. ते कीर्तन मात्र साहेब करत नसत, आपल्यातलाच कुणी बुवा करी. नगरच्या मिशनने कीर्तन आपलंसं केलं, ही मला त्यांची फार मोठी समज वाटते. साहेब बाजूला मांडी घालून बसायचे आणि गुडघे दुखू लागले की हळूच पाय लांब करायचे.

डाकेचा दिवस वेगळा. त्या दिवशी दुपारी मडमबाईंचं दार बंद. आत त्या मुलांची पत्रं वाचत. मिशनरी आयुष्यातला खरा त्याग कुठला असं मला कुणी विचारलं तर मी ऊन, कॉलरा किंवा एकटेपणा सांगणार नाही; मी मुलं सांगेन. कित्येक पिढ्या ही मंडळी सातआठ वर्षांची पोरं बोटीत बसवून नातलगांकडे धाडत आणि मग वर्षानुवर्षं त्यांना कागदावरच वाढताना पाहत. १९०१ साली कोडाईकनालला मिशनरींच्या मुलांसाठी शाळा निघाली तेव्हा हा ताटातुटीचा काळ थोडा लांबला, पण टळला नाही. कॉलेजसाठी समुद्र ओलांडावाच लागे. आजीच्या मडमबाईंची तिन्ही मुलं अमेरिकेत होती. पत्र वाचून झालं की त्या बाहेर येत आणि आयाला शेजारी बसवून सगळा मजकूर मराठीत सांगत. आयानेच ती पोरं अंगाखांद्यावर खेळवलेली. दोघी मिळून रडत, मग दोघी उठून कामाला लागत.

दुसऱ्या महायुद्धात बोटी बेभरवशाच्या झाल्या. डाक महिनोन्‌महिने येईना. साहेबांचं निवृत्तीचं वय उलटलं होतं, पण त्यांच्या जागी येणारं कुणी बोटीत बसू शकत नव्हतं, म्हणून ते दोघं थांबले. धाकटा मुलगा लढाईवर होता. त्या काळात साहेबांना नीट दिसेनासं झालं. संध्याकाळी मडमबाई ‘ज्ञानोदय’ त्यांना वाचून दाखवत. १८४२ साली नगरमध्येच सुरू झालेलं हे नियतकालिक तेव्हा शंभरीला पोचलं होतं. बोर्डिंगच्या मोठ्या मुली पाळीपाळीने ऐकायला बसत. आजीला मोठ्याने वाचायची गोडी तिथे लागली, आणि तिच्याकडून ती माझ्या आईला लागली. आमच्या घरात पुस्तकं आली ती त्या व्हरांड्यातून.

हे सांगताना आजी एक गोष्ट कधी गाळत नसे. बंगल्यात आपल्या माणसांना बसायला चटई होती, खुर्ची क्वचित. पाळकांचा पगार साहेब ठरवत. प्रेम होतं, आणि कुंपणही होतं. ना. वा. टिळकांना हे कुंपण फार आधी टोचलं होतं. १८९५ साली ख्रिस्ती झालेला हा कवी नगरला मिशनच्या कामात वर्षानुवर्षं राबला आणि १९१७ साली मिशनचा पगार सोडून बाहेर पडला. ‘देवाचा दरबार’ त्याने उभा केला तो इथल्या मातीतला ख्रिस्तानुयायी इथल्याच पायांवर उभा राहावा म्हणून. टिळकांचं बरोबर होतं, असं मी ख्रिस्ती घरात जन्मलेली बाई म्हणून सांगते. साहेबांनी किल्ल्या वेळेवर सोपवायला हव्या होत्या. आजीच्या साहेबांनी त्या सोपवल्या, पण उशिरा, स्वराज्य अगदी दारात आल्यावर.

त्यांच्या निरोपाला नगरच्या स्टेशनावर पाऊल ठेवायला जागा नव्हती. गाडी दौंडकडे जाणारी. लोक गाणी म्हणत होते. मडमबाईंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून बोर्डिंगच्या नव्या मुख्य बाईंच्या हातात दिला. त्या बाई त्यांच्याच शाळेत अ आ इ ई शिकलेल्या. आयाला त्यांनी मिठी मारली. पुढे दोनेक वर्षं ख्रिसमसला पत्र यायचं, मराठीत, साहेबांच्या तब्येतीचं. मग बाईंचं एकटीचं यायला लागलं. मग आलं नाही.

मिशनरींवर लिहिणारे दोन तऱ्हेने लिहितात. एक शाळा आणि दवाखाने मोजतात, दुसरे धर्मांतरं मोजतात. दोन्ही मोजण्यांतून बायका निसटतात. हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाच्या जुन्या अहवालांत मिशनरींच्या बायका ‘साहाय्यक मिशनरी’ म्हणून नोंदलेल्या आहेत. सिंथिया फॅरार लक्षात राहिल्या, कारण त्या एकट्या आल्या होत्या: १८२७ साली मुंबईला, १८३९मध्ये नगरला, आणि १८६२ साली इथंच वारल्या. त्यांनी चालवलेल्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या होत्या. लग्न होऊन आलेल्यांचं तसं झालं नाही. दुष्काळातल्या कामाबद्दल रॉबर्ट ह्यूमना सरकारचं कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळालं. १९००च्या त्या दुष्काळात पोरकी झालेली मुलं मिशनच्या आवारात आणली गेली; त्यांना रोज न्हाऊमाखू घालणं, खरूज धुणं, रात्री उठून बघणं हे पदकवाल्यांनी एकट्याने केलं असेल, असं मला वाटत नाही.

नगर, राहुरी, वडाळा, सोलापूर, सातारा, सिरूर या बाजूच्या ख्रिस्ती घरांतून अजूनही काही ट्रंका आहेत. त्यांत बोर्डिंगचे ग्रुप फोटो आहेत, बाप्तिस्म्याचे दाखले आहेत, मडमबाईंच्या तिरक्या मराठी अक्षरातली पत्रं आहेत. फोटोत साहेबांशेजारी बसलेल्या बाईचं नाव माहीत असलेली शेवटची पिढी आता नव्वदीत आहे. आमची आजी गेली आणि फोटोतल्या चार बायकांची नावं तिच्याबरोबर गेली. तुमच्या घरात असं कुणी असेल तर या रविवारी उपासनेहून आल्यावर तो फोटो त्यांच्यापुढे धरा, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने नावं लिहून ठेवा. आधी बायकांची.