मतपेटी मुलांच्या हाती : कॅन्सस, १९५३

१९५३ साली अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात मतदानाचे वय २१ होते. त्याच वर्षी तेथील शाळकरी मुलांनी मते देऊन एका पुस्तकाला पुरस्कार दिला. पुस्तक होते एलिझाबेथ येट्स यांचे 'एमॉस फॉर्च्युन, फ्री मॅन'. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या आणि साठीच्या सुमारास स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतलेल्या माणसाचे हे चरित्र.

आता त्या काळचे कॅन्सस पाहा. १८७९ च्या कायद्याने तेथील मोठ्या शहरांना गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांच्या प्राथमिक शाळा वेगळ्या ठेवण्याची मुभा दिली होती. राजधानी टोपेकामध्ये अशा शाळा चालू होत्या. त्यांच्याविरुद्धचा 'ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ' हा खटला १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित होता. निकाल लागला १७ मे १९५४ रोजी.

मग मुलांनी न्यायालयाच्या आधीच निकाल दिला, असे म्हणायचे का? मोह होतो खरा, पण तो आवरावा. मुले ज्यातून निवड करीत, ती यादी मोठ्यांनी केलेली असे. शिवाय याच पुस्तकाला ग्रंथपालांचे न्यूबेरी पदक १९५१ मध्येच मिळाले होते.

तरीही ही रीत नवी होती. न्यूबेरी १९२२ पासून दिले जात होते. पण बालसाहित्याचा तो मान कोणाला द्यायचा हे ठरवीत ते प्रौढच. १९४० मध्ये सिअ‍ॅटलचे पुस्तकविक्रेते हॅरी हार्टमन यांच्या पुढाकाराने वायव्य अमेरिकेत मुलांच्या मतांवर पुरस्कार सुरू झाला. पुढच्याच वर्षी मुलांनी एका रंगाऱ्याच्या घरी राहणाऱ्या पेंग्विनांची धमाल गोष्ट निवडली! कॅन्ससमध्ये हेच काम १९५२ साली रूथ गॅग्लिआर्डो यांनी उभे केले.

पुरस्काराला नाव दिले विल्यम अ‍ॅलन व्हाइट यांचे. एम्पोरिया या लहानशा गावातील हे संपादक १९२४ साली कू क्लक्स क्लॅनच्या विरोधात गव्हर्नरपदासाठी अपक्ष उभे राहिले होते. निवडणूक हरले, पण क्लॅनची यथेच्छ खिल्ली उडवून.

विजेत्या पुस्तकावर पुढे कठोर टीका झाली. त्यातला एमॉस फारच सोशीक आहे, गुलामगिरीची धग लेखिकेने सौम्य केली आहे, हा आक्षेप मला रास्त वाटतो. १९५३ ची मुले जे वाचत होती, ते एका गोऱ्या लेखिकेच्या नजरेतून आलेले होते.

खरा एमॉस न्यू हॅम्पशायरमधील जॅफ्री गावी कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत असे. गावातील ग्रंथालयाच्या संस्थापक सदस्यांपैकी तो एक. १८०१ मध्ये तो वारला, तेव्हा मृत्युपत्रात त्याने तेथील शाळेसाठी पैसे ठेवले होते.